साठाच्या वर न जाणारे आप्पा

अन्याय झाला तो आप्पांवर. २००६ च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, चंदगडच्या स्टँडबाहेर. मालकानं त्यांच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली आणि भरलेली गाडी खिडक्यांतून बघत बसली. गुन्हा एवढाच, की गाडीला बसवलेलं वेग आवरणारं यंत्र, म्हणजे स्पीड गव्हर्नर, आप्पा काढू देत नव्हते.

आप्पा चंदगड-कोल्हापूर खासगी गाडीचे ड्रायव्हर. मी कोल्हापुरात कॉलेजला होते, दर सोमवारी त्यांच्याच गाडीनं जायची. "ये तंगी, बस," म्हणायचे. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. आप्पा घरात कानडी बोलत, गाडीत मराठी, आणि म्हैस आडवी आली की दोन्ही. आवाज असा, की कंडक्टरला शिट्टीची गरज नव्हती. त्या गाडीतला डिझेल आणि ओल्या काजूबियांचा वास मला अजून कुठं भेटलेला नाही.

माणूस थंड डोक्याचा होता असं मात्र समजू नका. नव्वदच्या दशकात आमच्या भागात सगळ्यात जोरात गाडी आप्पांची. वडापच्या, म्हणजे सीटमागं भाडं घेणाऱ्या, जीपवाल्यानं पुढं काढून हात दाखवला की यांचं डोकं सटकलंच. अशाच एका शर्यतीत त्यांनी गाडी भाताच्या शेतात घातली. मेलं कुणी नाही. पण आमच्या गल्लीतल्या बाळाक्काचा हात मोडला आणि वाकडाच बसला. बाळाक्का पुढंही काजू विकायला त्याच गाडीनं यायची. चढताना त्याच हातानं दांडी धरायची. तेवढा वेळ आप्पा आरशात बघत नसत.

पुढं आरटीओच्या पासिंगसाठी गाडीला ते यंत्र बसलं. पाय कितीही दाबा, गाडी साठाच्या वर जायची नाही. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: पासिंग झालं, की गाडी गॅरेजात न्यायची आणि ते काढून टाकायचं. आप्पांनी काढू दिलं नाही.

"आप्पा, बैलगाडी फुडं गेली की ओ!" मागून कुणीतरी ओरडायचं.

"मला राग येतोय पावणं, ह्येला येत न्हाय. ऱ्हाऊ दे की!"

जीप पुढं गेली की आप्पांचा पाय आपोआप दाबला जायचा, मानेच्या शिरा फुगायच्या, आणि गाडी आपली साठावर. मग स्वतःच हसायचे. "बघ तंगी, मी पेटलोय, गाडी थंड हाय."

त्या दसऱ्याला त्यांनी स्टिअरिंगला झेंडूचा हार घातला, तसं गव्हर्नरच्या डब्यालाही हळदकुंकू लावलं. स्टँडवरची पोरं म्हणाली, "आता ह्या डबड्याला बी ओवाळणार व्हय?" आप्पा म्हणाले, "पळवणाऱ्याला हार घालतासा, आवरणाऱ्यानं काय घोडं मारलंय?"

दुसऱ्या दिवशी मालक आले. "आप्पा, लोक दुसऱ्या गाडीनं जाया लागल्यात. आज ते काढायचं."

"ते काढणार असशीला तर मला बी उतरवा."

"उतरा मग."

गाडीतून एकच आवाज आला, "चला की ओ, उशीर व्हायलाय!" पहिली उतरली ती बाळाक्का, काजूचं गाठोडं घेऊन. तिच्या मागून मी. तिसरं कुणी नाही.

आप्पांनी परत स्टिअरिंग धरलं नाही. भात लावत राहिले. दिवाळीत भेटले तर पहिला प्रश्न, "बाळाक्का आता कशानं जाती?" मी म्हटलं, "एस.टी.नं." "बरं झालं," म्हणाले आणि चिखलाचे पाय धुवायला गेले. गेल्या पावसाळ्यात ते वारले.

आता त्या गाडीला पुढं अपघात झाला, असं मी लिहीन म्हणून वाट बघत असाल. नाही झाला. म्हणून काय मालक बरोबर ठरला? एका माणसानं स्वतःचा राग ओळखला, त्याला लगाम घातला, आणि उशीर होतोय म्हणून आपण त्याला खाली उतरवलं.

तुमचं पोर ज्या गाडीनं शाळेला जातं, तिचा गव्हर्नर जागेवर आहे का? ठाऊक नाही ना? मग उद्या सकाळी ती गाडी दारात आली की आडवे उभे राहा आणि विचारा. काढला असेल, तर बसवल्याशिवाय पोराला चढू देऊ नका.