वाट देणारे मास्तर

फलाटावर समोरून कुणीही आलं की मास्तर भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, बावटे काखेत धरायचे आणि म्हणायचे, "आधी तुम्ही." समोर टोपली घेतलेली बाई असो, साहेब असो की शेळी असो. शेळीला 'तुम्ही' म्हणणारा स्टेशनमास्तर मी तरी दुसरा पाहिला नाही. तुम्ही पाहिला असेल तर तुमचं भाग्य थोर.

मी कासूजवळच्या एका शाळेत शिकवत होते आणि राहायला पेणला होते. शाळा सुटली की कासू स्टेशनवर येऊन बसायचं. आधी रोह्याकडे जाणारी गाडी यायची, मग माझी पेणची. दोन्ही गाड्यांना वेळेचं वावडं, त्यामुळे मास्तरांशी ओळख होणं भागच होतं. माझा स्वभाव तिखट, आणि जीभ त्याहून तिखट. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणजे भांडायलाही कुणी नव्हतं. ती सोय मास्तरांनी केली.

मास्तर ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. बायको वारलेली. क्वार्टरमध्ये एकटे राहायचे. आसपास चर्च नाही, दुसरं ख्रिस्ती घर नाही. नाताळात ते क्वार्टरच्या दारावर कागदाचा तारा टांगायचे आणि मिठागरावर कामाला जाणाऱ्या बाया विचारायच्या, "मास्तर, दिवाली तं झाली, ह्यो कंदील कसला?"

"थोडी उशिरा आलेली दिवाळी," मास्तर सांगायचे, आणि त्यांच्या हातावर घरी केलेल्या करंज्या ठेवायचे. करंज्या दगडासारख्या असत. बाया त्या पुढच्या वळणावर शेळ्यांना घालत, पण मास्तरांसमोर कधी नाही.

एकदा कुणी प्रवासी बाकावर एक पुस्तक विसरून गेला. चीनमधल्या ताओ पंथाची शिकवण मराठीत सांगणारं जुनं पुस्तक. मास्तरांनी ते मालकासाठी बरेच दिवस जपून ठेवलं. मालक काही फिरकला नाही. मग त्यांनी ते उघडलं, आणि त्यानंतर मिटलेलं मी पाहिलं नाही. ताओ, ताओ असं त्यांच्या तोंडून ऐकून बायांनी गावभर सांगितलं, "मास्तरला ताव चढलाय." ज्या माणसाला जन्मात कधी राग आला नाही, त्याची ही ख्याती.

"ताओ म्हणजे वाट, बाई," ते मला समजावत. "आमचा प्रभू म्हणतो, मीच वाट आहे. हा चिनी म्हातारा म्हणतो, वाट आहे, पण तिला नाव देऊ नका. आणि आपण मराठी माणसं काय करतो? वाट बघतो. गाडी नाही बघत, वाट बघतो."

"आणि आपली वाट लागते, ती?" मी विचारलं.

मास्तर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

त्या दिवसापासून आमच्या बाकावर दोन पाहुणे रोज येऊ लागले, एक येशू आणि एक चिनी म्हातारा. मास्तर त्यांची कौतुकानं तुलना करत, सासर-माहेरची करावी तशी. एका संध्याकाळी गाडी चुकलेल्या एका दारुड्यानं मास्तरांच्या थोबाडीत मारली. बाया टोपल्या टाकून धावल्या, तर हेच मध्ये पडले. "जाऊ द्या त्याला, त्याची गाडी चुकलीय."

तो गेल्यावर गाल चोळत माझ्या शेजारी येऊन बसले. "आमच्याकडे दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय. चिनी म्हातारा विचारेल, मुळात पहिला तरी पुढे कशाला नेलास?"

"मग तुम्हाला कुणाचं पटतं?"

"थोबाडीत बसायच्या आधी चिन्याचं. बसल्यावर प्रभूचं. दुसरा इलाजच राहत नाही."

दिव्याच्या बाबतीत मात्र ते ठाम होते. येशू म्हणतो, दिवा झाकून ठेवू नका. ताओवाले म्हणतात, आपला उजेड मंद करा, लोकांचे डोळे दिपवू नका. "इथे मी प्रभूच्या बाजूनं," मास्तर म्हणाले. "सिग्नलचा दिवा मंद करून कसं चालेल? नम्रतेपायी गाडी आपटायची."

एवढा बोलका माणूस, पण रोह्याची गाडी सुटली की गप्प व्हायचा. शेवटचा डबा वळणाआड गेला तरी बावटा हातात धरून उभे राहायचे. मी आधी मनावर घेतलं नाही. मग एक दिवस न राहवून विचारलंच, "रोह्याला कोण आहे तुमचं?"

"लेक आहे," ते म्हणाले. "करुणा."

करुणानं रोह्याच्या एका कंपनीतल्या मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा हिंदू, शिफ्टमध्ये काम करणारा, साधा. तिनं सगळं नीट सांगितलं होतं, पाया पडायला वाकलीसुद्धा होती. आणि सगळ्यांना 'आधी तुम्ही' म्हणणारा हा माणूस आपल्या पोटच्या पोरीला म्हणाला होता, "जा. पण मग परत येऊ नकोस."

"मग आता जा ना तुम्ही! तीन स्टेशनं पलीकडे तर आहे."

"मी 'येऊ नकोस' म्हटलं, बाई. आता तिथं जाऊन 'ये' म्हटलं, तर तोही माझाच हुकूम होईल. दारात बाप उभा राहिला की तिला उघडावंच लागेल. ही बळजबरीच झाली. गढूळ पाणी ढवळू नये, आपोआप निवळतं, असं लिहिलंय."

"आमच्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, मास्तर," मी म्हटलं. "हात घालून. आणि तुमच्या त्या मेंढपाळाचं काय? एक मेंढरू हरवलं म्हणून बाकीची सोडून शोधायला निघतो तो? तो का नाही बसला, आपोआप येईल म्हणून? तुम्हाला जायची भीती वाटते, म्हणून तुम्हाला चिनी म्हातारा आवडतो."

माझी गाडी आली, मी निघाले. पेणपर्यंत मला स्वतःच्या जिभेचा राग येत होता, पण बोलले ते खोटं होतं असं काही वाटलं नाही.

पुढे दोन-तीन आठवड्यांनी ते लाजत म्हणाले, "जातो मी आता रोह्याला. दर रविवारी."

मला इतका आनंद झाला! "काय म्हणाली करुणा?"

"भेट नाही झाली. तिची चाळ स्टेशनच्या मागेच आहे. मी फलाटावरच्या बाकावर बसतो आणि परतीच्या गाडीनं येतो. गेलोही, आणि बळजबरीही केली नाही."

दोन धर्मांच्या बरोबर मधोमध बाक टाकून बसले होते मास्तर. मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी मीच एका सुट्टीला रोह्याला गेले. चाळ सापडायला वेळ लागला नाही. करुणा दारातच होती, वर्षाचं मूल कडेवर. मी कोण ते सांगितलं. तिनं आत बोलावलं, चहा ठेवला, आणि मी विषय काढायच्या आधीच मला गॅलरीत नेलं. तिथून फलाट स्वच्छ दिसत होता.

"त्या बाकावर बसतात," ती म्हणाली. "मला त्यांची पाठ दिसते. सदरा उसवलाय खांद्यावर."

"मग खाली का जात नाहीस?"

"ते स्वतःहून आलेत तिथपर्यंत. त्यांच्या मनात येईल तवा येतील वरती. मी जाऊन हात धरला तर त्यांना यावंच लागेल ना? लहानपणापासून बाबांनी हेच शिकवलंय, कुणावर जोर करायचा नाय."

बाप फलाटावर, लेक गॅलरीत, आणि दोघांच्या मध्ये नुसतं सौजन्य. माझा संयम तेवढाच. माझ्या तोंडून थेट पेणची भाषा सुटली, "अगो, तुमच्यातलं कुणीतरी एक जण तरी ख्रिस्ती व्हा गो!"

करुणा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. चहा उतू गेला. निघताना तिनं शब्द दिला, येत्या रविवारी खाली जाते.

सोमवारी मी शाळेतून जवळजवळ पळतच स्टेशनवर आले. मास्तर खुशीत होते.

"बाई, काल करुणा फलाटावर आली होती. कडेवर मूल होतं. मला आजोबा केलंय तिनं, आणि मला पत्ता नाही."

"मग?"

"कुठेतरी गावाला निघाली असणार. मला बघून तिला अवघडल्यासारखं व्हायला नको, म्हणून मी टपरीच्या मागे झालो. गाडी आली तसा बसून आलो. पण बघायला मिळाली."

चेहऱ्यावर केवढं समाधान! लेकीच्या वाटेतून बाजूला झाल्याचं.

"मास्तर," मी म्हटलं, "ती गाडीसाठी नव्हती आली."

"मग कशासाठी?"

खरंच विचारलं हो त्यांनी. स्वतःसाठी कुणी कुठे येत असेल ही शक्यताच त्या माणसाच्या मनात नव्हती.

"तुमच्यासाठी."

मास्तर बाकावर बसले. हात गुडघ्यांवर ठेवून रुळांकडे बघत राहिले. पुढच्या पाळीचे मास्तर येऊन कामाला लागले होते. रोह्याची गाडी आली. तेव्हा ते उठले आणि गाडीत चढले, अंगावर गणवेश तसाच. आत जाऊन बसले नाहीत, दारातच उभे राहिले. गाडी वळणाआड गेली.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मग रजा घेतल्याचं कळलं, आणि रजेला लागूनच निवृत्ती आली. त्यांचं सामान न्यायला जावई येऊन गेला तेव्हा मी वर्गात होते. बायांजवळ निरोप ठेवला होता, मास्तर ठीक आहेत, नातवाला खेळवतात. नवे मास्तर सज्जन होते. नमस्कार करायचे आणि आत जाऊन बसायचे. मला मास्तरांची फार आठवण यायची. कधी रागही यायचा. मीच त्यांना धाडलं होतं आणि मीच एकटी पडले होते. संध्याकाळी खाडीवरून वारा यायचा, बाया आपापल्या घरी जायच्या, आणि पेणची गाडी येईपर्यंत त्या अख्ख्या फलाटावर मी एकटी.

काही वर्षांनी एका संध्याकाळी करुणा रोह्याहून आली. बरोबर शाळेच्या वयाचा मुलगा.

"बाबा गेले, बाई," ती म्हणाली. "झोपेतच. तुम्हाला सांगायला आले."

आम्ही बाकावर बसलो. मुलगा रुळांकडे बघत होता. मी विचारलं, "त्या दिवशी आले तेव्हा दार तरी वाजवलं का त्यांनी? की तिथेही उभेच राहिले?"

"वाजवलं?" करुणा म्हणाली. "बडवलं! चाळ गोळा झाली. मी आतून ओरडले, कोण हाय म्हणून. कडी काढायच्या आधीच बाहेरून म्हणाले, 'तू नको म्हणालीस तरी मी आलोय.'"