ओला आवाज

एक्केचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं, आणि तेही नर्सिंगला. घरात कोणी नको म्हटलं नाही, पण हो म्हणून कोणी नाचलंही नाही. नवरा कतारमध्ये, रास लफानच्या गॅस प्लँटवर इंजिनिअर. त्याने एवढंच विचारलं, ‘अल खोरहून दोह्याला रोज जाणार? कशी?’ म्हटलं, ‘उंटावरून.’ लेक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, ‘मम्मा, यू विल बी द ओल्डेस्ट इन द क्लास.’ मी मराठीत रागावले, ती इंग्रजीत सॉरी म्हणाली. आमच्या घरात असंच चालतं.

हा कोर्स आधीची एक डिग्री असलेल्यांसाठी होता. चार वर्षांचं शिक्षण दोन वर्षांत कोंबलेलं. माझी पहिली डिग्री नाशिकची, केमिस्ट्रीतली बी. एस्सी. लग्न झालं, इथे आले आणि व्हिसावर ‘हाउसवाइफ’ असा शिक्का बसला तो बसलाच. डिग्री पंधरा वर्षं फाइलमध्ये पडून होती.

इंटरव्ह्यूत तीन जण बसले होते. त्यांनी विचारलं, नर्सिंगच का? माझं उत्तर तयार होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. मी नाशिकला तीन आठवडे राहून त्यांचं सगळं केलं. शेवटी शेवटी ते कोणाच्या हातून काही घेईनात, पण माझ्या हातून मऊ भाताचे चार घास खाल्ले. त्या दिवशी मला कळलं की हे काम आपल्याला येतं. हे ऐकून त्यातल्या एक बाई डोळे टिपायला लागल्या. प्रवेश मिळाला. ती गोष्ट मी तोवर इतक्यांना सांगितली होती की मला ती पाठ झाली होती.

घडलं होतं ते असं. बाबांच्या नाकात अन्नाची नळी होती. ती त्यांनी एका संध्याकाळी उपसून काढली. डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येऊन परत घालणार होते. सकाळी आई जेवायला बसली, तर बाबा तिच्या ताटाकडे बघत राहिले. माझा जीव तुटला. मी भात पातळ करून बोटांनी मोडला, वर तूप, चिमूटभर मेतकूट. बाबा आडवेच होते. त्यांना उठवून बसवायला मला एकटीला जमलं नसतं, म्हणून तसंच भरवलं. तिसऱ्या घासाला ठसका लागला. मी छाती चोळत म्हटलं, ‘कोणीतरी आठवण काढतंय बाबा तुमची.’ चौथा घास घेतल्यावर ते म्हणाले, ‘बास, बाळा.’ आवाज जड, भरलेला. मी आईला म्हटलं, ‘बघ, बाबांना गहिवरून आलं.’

तिसऱ्या दिवशी ताप चढला, हॉस्पिटलात हलवलं, आणि पाचव्या दिवशी बाबा तिथेच वारले. शेवटच्या रात्री त्यांच्याजवळ आई होती. मला तिने बळेच घरी झोपायला पाठवलं होतं.

तेराव्याला जो येईल त्याला आई सांगायची, ‘लेकीच्या हातचे चार घास खाऊन गेले हो.’ लोक म्हणायचे, भाग्यवान. मीही तेच धरून परत आले. दुःख होतं, पण पोटात कुठेतरी समाधान होतं. खोटं कशाला बोलू, थोडी ऐटही होती. माझ्या भावाच्या हातून नाही, वहिनीच्या हातून नाही, माझ्या हातून.

कॉलेज सुरू झालं. वर्गात सगळी पोरं बावीस-चोविशीतली. माझी जोडीदारीण एक सुदानी मुलगी. ती मला खाला म्हणायची, म्हणजे मावशी. सकाळी तासभर गाडी हाणायची, दुपारपर्यंत शरीरशास्त्र डोक्यात भरायचं, संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता हाडांची नावं घोकायची. थकायचे, चिडायचे, पण मजेत होते. आपण कोणीतरी होतोय असं पंधरा वर्षांत पहिल्यांदा वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात भरवण्याचं प्रात्यक्षिक होतं. मनात म्हटलं, हे काय शिकवणार मला. केरळच्या मॅडम होत्या, वॉर्डात तीस वर्षं काढलेल्या. त्यांनी आम्हाला जोडीजोडीने बसवलं आणि एकमेकींना चमच्याने कस्टर्ड भरवायला लावलं. ताठ बसवून, हनुवटी खाली, छोटा घास, गिळल्याची खात्री करून मगच दुसरा. मग मॅडम म्हणाल्या, झटका आलेल्या माणसाचं गिळणं तपासल्याशिवाय त्याला तोंडाने काहीही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. आडवं ठेवून तर कधीच नाही. त्याचा घसाही लुळा पडलेला असतो. अन्न पोटात न जाता फुप्फुसात जातं, आणि दोन-तीन दिवसांत ताप येतो.

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

‘प्रत्येक घासानंतर त्याला बोलतं करा,’ त्या पुढे म्हणाल्या. ‘आवाज ओला आला तर तिथेच थांबा.’ आणि ओला म्हणजे कसा, ते त्यांनी घशातून काढून दाखवलं. जड, भरलेला, पाणी खुळखुळल्यासारखा. मागच्या बाकावरच्या दोघी खुदकन हसल्या. मी तो आवाज ओळखला. बाबांना गहिवरून वगैरे काही आलं नव्हतं.

सुदानी पोरीने विचारलं, ‘खाला, बरं नाही का?’ मी ‘खलास’, म्हणजे इथल्या अरबीत ‘बस्स, झालं’, एवढंच म्हणून पर्स उचलली आणि बाहेर आले. घरापर्यंत गाडी कशी चालवली ते आजही आठवत नाही.

पुढचे दोन दिवस कॉलेजला गेले नाही. पुस्तकातलं ते प्रकरण तीनदा वाचलं. त्यात शेवटाबद्दलही लिहिलं होतं. हवा पुरत नाही, माणूस बुडत असल्यासारखा धडपडतो, आणि शुद्ध असेपर्यंत त्याला ते कळत असतं. बैल गेला नि झोपा केला, तसं माझं ते शिकणं. नवऱ्याला सांगितलं. तो जवळ बसून म्हणाला, ‘तुला काय माहीत होतं? आता कारण शोधून काय उपयोग?’ त्याचा हेतू चांगला होता, पण माझं डोकं फिरलं. म्हटलं, ‘तुमच्या प्लँटवर एक व्हॉल्व्ह उलटा फिरला तर तीन महिने चौकशी करता. माझ्या बापाची नको करू?’ नंतर मलाच वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी कॉलेजात गेले ती नाव काढून घ्यायला. फॉर्म आणला, गाडीत बसून भरायला घेतला. ‘कारण’ या रकान्यापाशी पेन अडलं. आधी आईला सांगावं असं वाटलं. दोन वर्षं ती माझं कौतुक करत होती, आणि ते आणखी एक दिवसही ऐकणं मला शक्य नव्हतं. नाशिकला चहाची वेळ झाली असेल. एसी चालू ठेवून फोन लावला.

एका दमात सगळं सांगितलं. नळी, आडवं भरवणं, ठसका, आवाज. शेवटी म्हटलं, ‘आई, बाबा माझ्यामुळे गेले.’

पलीकडे कपबशीचा आवाज झाला. मग आई म्हणाली, ‘मला माहीत आहे गं.’

मला वाटलं, तिला नीट कळलं नाही. पुन्हा सांगायला लागले. तिने थांबवलं. ‘डॉक्टर बोलले होते. छातीतून भाताची शितं निघाली म्हणाले. तू तेव्हा खाली औषधं आणायला गेली होतीस. मी त्यांना हात जोडले, म्हटलं माझ्या पोरीला हे सांगू नका.’

‘आणि तू सगळ्यांना ते चार घास...’

‘मग काय सांगायला हवं होतं? तुला परत जायचं होतं. तुझी पोर लहान होती. आणि ताटाकडे बघत होते ते. तू नसतं दिलंस तर मी दिलं असतं.’

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. रडणं ओसरलं तशी आईने हळूच विचारलं, ‘तुम्हाला सगळं शिकवतात ना तिथे?’

‘हो.’

‘मग एक सांग. त्या रात्री ते सारखे हात झाडत होते. माझा पदर धरून ओढत होते. त्यांना कळत होतं का गं, काय होतंय ते?’

पुस्तक शेजारच्या सीटवरच होतं.

‘नाही आई,’ मी म्हटलं. ‘हात हलतात ते आपोआप. आत माणूस झोपलेला असतो. काही कळत नाही त्याला.’

‘नक्की?’

‘नक्की. कालच शिकवलं आम्हाला.’

आई नाक पुसत म्हणाली, ‘बरं झालं बाई सांगितलंस. दोन वर्षं झाली, कोणाला विचारावं तेच कळत नव्हतं मला.’