निळी नळी, लाल नळी

दवाखान्यात औषधाच्या बाटल्या रिकाम्या होत जात, गोष्टी मात्र साचत जात. एकोणीसशे साठच्या आसपास मी यवतमाळात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. साखरेच्या बिमारीचे पेशंट लघवीची बाटली घेऊन येत. निळ्या औषधात तिचे थेंब टाकून नळी दिव्यावर तापवायची. निळी राहिली तर ठीक. विटेसारखी लाल झाली तर साखर फार!

*

रहीमचाचा टेलर. दिवसभर मशीनवर बसून. चहातली साखरही सोडली, तरी नळी लालच.

"खुदा कसम साहेब, शक्करचा दाना नाही खाल्ला!"

"आणि भात?"

"दोन्ही टाइम. भात कुठं गोड असते?"

डॉक्टरांनी दवाखान्यामागच्या आपल्या घरातून भात मागवला. एक घास चाचांना दिला. "गिळू नका. चावत राहा."

दोन-तीन मिनिटांत चाचांचा चेहरा उतरला.

"या अल्ला! हे तर गोड लागून राह्यलं!"

*

सुमनबाई शाळेत शिकवायच्या. एकादशीला फक्त साबुदाणा आणि रताळी खाल्ली म्हणाल्या. नळी लालभडक.

डॉक्टर हसले, "बाई, उपास देवाला पोचला, नळीला नाही पोचला!"

बाई हसल्या नाहीत. "लग्न झाल्यापासून एकही एकादशी चुकली नाही. आता देवाजवळ काय घेऊन जाऊ?"



*

केळापूरकडचे दोघे सख्खे भाऊ. थोरला शामराव शेतात राबणारा, पाच भाकरी खाणारा. धाकटा नामदेव कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहायला, पोट सुटलेलं, दीड भाकरीवर आलेला. दोघांच्या नळ्या तापवल्या. थोरल्याची निळी, धाकट्याची लाल!

"एकाच तव्यावरची भाकर," नामदेव रडकुंडीला आला, "मग मलेच काहून?"

"भाकर तीच आहे," डॉक्टर म्हणाले, "तुझ्या शरीराला आता ती पेलत नाही. त्याला पेलते."

पुढं नामदेवनंच सांगितलं, "दादा आता माह्यासंगं बसला का एकच भाकर खाते. उरलेल्या भाकरी वहिनी वावरात नेऊन देते. मले माहीत नाही, असं त्याले वाटते."

*

आणि गणपतराव. किराणा दुकानदार, पायाची जखम महिनोन् महिने भरत नव्हती. नळी मात्र दर वेळी निळी! डॉक्टर चक्रावले. मग एक दिवस ती एकदम लाल झाली.

"गणपतराव, भातावर ताव मारला ना?"

गणपतरावांनी नळीकडं पाहिलं.

"साहेब, हे माही नाही."

"म्हणजे?"

"भात सुटत नव्हता. तुमी रागवान म्हणून दर वेळी बायकोचीच बाटली आणत होतो."

मी दिवा विझवला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच दोघं नवरा-बायको पायरीवर बसलेली. गणपतरावांच्या हातात दोन बाटल्या. एक त्यांनी मागं धरली, दुसरी माझ्यापुढं केली.

"पहिले हिची पाहा."