अल्ब्युमिन आणि संध्याकाळचं ताट

बायोप्सीचा रिपोर्ट डॉक्टरांनी दोनदा वाचला आणि माझ्याऐवजी शकुंतलाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे बघितलं. मला तिथेच कळलं. मी बत्तीस वर्षं सायखेड्याच्या बाजूला एका शाळेत पी.टी. शिकवली. मैदानात पडलेल्या मुलाचा हात मोडलाय असं दिसलं की मीही आधी त्याच्या आईबापांकडेच बघायचो.

"प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, सर. कमरेच्या हाडांपर्यंत पोचलाय," डॉक्टर म्हणाले. "मुळासकट जाईल असं मी म्हणणार नाही. पण आवरून धरता येतो. चांगली वर्षं मिळू शकतात."

"किती?" मी विचारलं.

"आज नाही सांगता येणार. आजार किती पसरलाय त्यावर आहे, औषधाला किती दाद देतो त्यावर आहे, आणि तुमचं शरीर किती तयारीत आहे त्यावरही आहे."

हे तिसरं ऐकून मला मनातल्या मनात हसू आलं. शरीराच्या तयारीचं मला कोण शिकवणार? सदुसष्टाव्या वर्षीसुद्धा मी दर रविवारी डोंगरावरच्या पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढत होतो.

खरं तर त्या पायऱ्यांनीच आधी सांगितलं होतं. वर्षभर लघवीला सारखं उठावं लागायचं, ते मी वयावर ढकललं. मग चढताना कंबर धरायला लागली, ती जुन्या कबड्डीच्या दुखण्यावर ढकलली. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली छोटी ग्रंथी. पीएसए म्हणून रक्ताची साधी तपासणी असते, तिच्यावरून या ग्रंथीत काही बिघडलंय का याची चाहूल लागते. मी ती कधी केलीच नव्हती. शाळेतल्या सगळ्या मुलांची दरवर्षी तपासणी करून घेणारा मी, स्वतःची मात्र टाळत आलो.

उपचार असे ठरले : दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन. या कॅन्सरला पुरुषी हार्मोनचं खाद्य लागतं, ते इंजेक्शनाने तोडायचं. पहिलं लगेच दिलं. त्यानंतर दोन महिन्यांनी केमोथेरपी, दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा.

मधल्या दोन महिन्यांत मी जे केलं ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

आम्ही बौद्ध. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, तेव्हा कॉलनीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. काही जण पौर्णिमेला अष्टशील पाळतात, म्हणजे पांढरे कपडे घालून दिवसभर आठ नियम पाळायचे. त्यातला एक नियम दुपारी बारानंतर न जेवण्याचा. पौर्णिमेचा हा नियम मी वीस वर्षं पाळत आलोय. त्या वर्षी पहिल्या इंजेक्शननंतर लगेच वर्षावास लागला आणि मी मनाशीच ठरवलं, हे तीन महिने रोज पाळायचं. मोबाइलवर कुणीतरी पाठवलंही होतं, की पेशंटने उपास केला की कॅन्सर उपाशी मरतो. अंडी, मासे तर मी आजार कळला तेव्हापासूनच बंद केले होते. विहारातल्या भंतेंना, म्हणजे भिक्खूंना, विचारलं नाही आणि डॉक्टरांना सांगितलं नाही.

मी घाबरलो होतो. पी.टी.च्या मास्तराला घाबरलो म्हणायची लाज वाटते, म्हणून मी नियम धरला. नियमात राहिलं की सगळं आपल्या हातात आहे असं वाटतं.

वजन उतरायला लागलं तसा मी खूश झालो. पोट सपाट झालं, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. आमच्या शाळेचे निवृत्त शिपाई भाऊराव सायखेड्याहून भेटायला आले. माझ्याकडे बघून दारातच थांबले.

"सर, लय बारीक झाले तुम्ही. जेवता का नाय?"

"जेवतो की. हलकं झालंय शरीर," मी म्हणालो.

भाऊरावांनी पिशवीतून गावठी अंडी काढून शकुंतलाच्या हातात दिली. ती अंडी तिने शेजारी देऊन टाकली.

केमोच्या आधी रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पिशवीत टॉवेल, पाण्याची बाटली भरून दवाखान्यात गेलो. वेटिंगमध्ये तास गेला. डॉक्टरांनी बोलावलं आणि म्हणाले, "आज केमो नाही देता येणार."

मला वाटलं, मशीन बंद असेल.

"तुमचं अल्ब्युमिन दोन पॉइंट नऊ आलंय. साडेतीनच्या वर पाहिजे. आणि लिम्फोसाइटही कमी आहेत. सहा किलो वजन कुठे गेलं, सर?"

मग त्यांनी कागदावर लिहून समजावलं. अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रोटीन, लिव्हर ते तयार करतं. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी, शरीराच्या पहारेकरी. दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळतात. "या दोन आकड्यांवरून पेशंटचं पोषण कसं आहे आणि प्रतिकारशक्ती कशी आहे, याचा अंदाज आम्ही घेतो. ज्यांचे हे आकडे चांगले, ते सहसा उपचार नीट पेलतात आणि जास्त काळ जगतात. आजारामुळेही आकडे उतरतात, सगळं काही जेवणाच्या हातात नसतं. पण तुमच्या बाबतीत मला शंका येतेय. तीन आठवडे देतो. खाऊन या. नाहीतर केमोचा डोस कमी करावा लागेल, कदाचित देताच येणार नाही."

शाळेत स्पर्धेच्या दिवशी मी पोरांना ओळीत उभं करून विचारायचो, उपाशी कोण आलंय? हात वर झाला की त्या पोराला बाजूला बसवून आधी गूळ-शेंगदाणे खायला लावायचो. ते वाटायचं काम भाऊरावांकडे असायचं. उपाशी मूल मी कधी शर्यतीत उतरवलं नाही. आणि आज मलाच ओळीतून बाहेर काढलं होतं.

तिथून आम्हाला डाएटिशियन मॅडमकडे पाठवलं. तरुण मुलगी होती, पण बोलायला माझ्याहून कडक. सकाळी काय, दुपारी काय, लिहीत गेली. "आणि संध्याकाळी?"

मी काही बोलायच्या आत शकुंतला म्हणाली, "संध्याकाळी आमच्याकडे गॅस पेटतच नाही, मॅडम."

"काका नाही जेवत. पण काकू, तुम्ही?"

शकुंतलाने पदर सारखा केला. "मीपण नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. रोज संध्याकाळी मी विहारात वाचनाला जायचो. आल्यावर "जेवलीस का" म्हणून विचारायचो, ती "हो" म्हणायची. तिला शुगर आहे, गोळी चालू आहे. जवळजवळ दोन महिने ती बाई माझ्यासाठी उपाशी झोपत होती आणि मला आपल्या सपाट पोटाचं कौतुक होतं.

खाली रिक्षाची वाट बघताना मी विचारलं, "का गं?"

"तुम्ही उपाशी असताना माझ्या घशाखाली घास उतरला असता का?" ती म्हणाली. "बुद्धांनी उपास करून बघितला, शरीराचा सापळा झाला तेव्हा सोडला. सुजाताने दिलेली खीर खाल्ली. हे तुम्ही विहारात माइकवरून वाचता ना दरवर्षी?"

मला रडू आलं. तिथेच, रिक्षावाल्यांसमोर.

संध्याकाळी भंतेंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आजारी भिक्खूलासुद्धा दुपारनंतर तूप, तेल, मध, गूळ औषध म्हणून चालतं. तुम्ही तर गृहस्थ. आधी घरी जाऊन जेवा."

त्या दिवसापासून मी खाण्याची पी.टी. सुरू केली. तोंडाला चव नव्हती, पण कवायतीला चव कुठे असते? सकाळी दोन अंडी, दुपारी घट्ट वरण, चारला शेंगदाण्याचा लाडू, संध्याकाळी मासे नाहीतर चिकन. भाऊरावांना फोन करून सांगितलं, अंडी पाठवा. ते म्हणाले, "आता कसं सर शाळेतल्यासारखं बोलले!"

तीन आठवड्यांनी अल्ब्युमिन तीन पॉइंट चार आलं, लिम्फोसाइट वर सरकल्या, वजन दोन किलो वाढलं. डॉक्टर म्हणाले, "अजून जरा कमी आहे, पण पुरेसं आहे. चला."

सहा केमो झाल्या. केस गेले, बोटांना मुंग्या आल्या, चौथ्या वेळी ताप येऊन तीन दिवस दवाखान्यात राहिलो. पण एकही डोस कमी करावा लागला नाही. आज पीएसए अगदी खाली आहे. आजार आहे, मीही आहे. पांडवलेणी दोनदा थांबून चढतो.

तुमच्या घरात कुणाला हा आजार झाला तर पीएसएबरोबर अल्ब्युमिन आणि लिम्फोसाइटचंही विचारा. वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. पथ्य, उपास, काढा, जे काही करताय ते डॉक्टरांपासून लपवू नका. आणि पेशंटशेजारी बसलेल्या माणसाला तो जेवला का ते विचारा. त्याच्या "हो"वर विश्वास ठेवू नका, ताट बघा.

परवा आषाढ पौर्णिमा झाली. विहारात भंतेंनी विचारलं, यंदा कोण काय संकल्प करणार? मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "तीन महिने रोज संध्याकाळी शकुंतलाबरोबर बसून जेवेन." बायकांच्या बाजूला हशा पिकला. शकुंतलाने तोंडाला पदर लावला.

घरी आल्यावर ती माझं ताट घ्यायला उठली. मी तिला खाली बसवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिचं ताट मी वाढलं, आणि तिने पहिला घास खाल्ल्यावर माझं घेतलं.