नव्या गाडीची हळू चाल

मित्रहो, आज नवी गाडी घेऊन बाबांसोबत आर्वीहून घरी, आंजीला निघालो. शोरूमवाल्यानं बजावलं होतं, "इंजिन नवं आहे, पळवू नका. ब्रेकही करकचून दाबू नका."

आई गेल्यापासून बाबा फारसे बोलतच नाहीत. दोन्हीकडे फुटलेला कापूस उतरत्या उन्हात चमकत होता. मध्येच नीलगायींचा कळप रस्त्यावर आला. मी ब्रेक अलगद दाबला. कळप दिसेनासा होईपर्यंत बाबा बघत राहिले.

मग म्हणाले, "लग्न झाल्यावर तुह्या मायले याच रस्त्यानं बैलबंडीत आणलं होतं. असंच हळूहळू. वाटभर हसून राह्यली होती."

हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आंजीत घर आलं, तर म्हणाले, "थांबू नोको. पुढं चाल."

गेलो. ते बोलत राहिले.

तुमच्या घरातलं गप्प झालेलं माणूस शेवटचं कधी असं बोललं?