दोरीचं शेवटचं टोक

जुईनगरच्या मैदानावर बायकांची रस्सीखेच होती. समोर जिमच्या मुली, इकडे आमची सोसायटी, आणि आमच्यातली शेवटची बाई पाय मुरगळून बसलेली. तेवढ्यात बघ्यांमधून गावातली एक आजी चपला काढून पुढे आली. तिने माझ्यामागे उभं राहून दोरीचं टोक कमरेभोवती घेतलं, टाचा मातीत रोवल्या आणि मागे रेलली.

समोरून झटके बसायला लागले. आम्ही घसरलो, ती नाही.

"आता वढू नको गो, नुसती धरून ऱ्हा. दमतीन त्या."

मी कॉलेजात स्नायू शिकवते. स्नायूच्या प्रत्येक धाग्यात प्रथिनांच्या आडव्या भिंती असतात आणि ओढणारे बारीक तंतू त्यांनाच बांधलेले असतात. झटका देणाऱ्या धाग्यांत ही भिंत पातळ, तग धरणाऱ्यांत जाड. त्या दिवशी ती जाड भिंत माझ्या पाठीशी उभी होती.

समोरचे हात ढिले पडले.

"आता चला!" आजी गरजली, आणि आम्ही अख्खी रांग रेषेपलीकडून खेचून आणली! ढोल वाजले, मी लहान पोरीसारखी नाचले. कप घेऊन मागे वळले, तर आजी चपला घालून निघूनही गेली होती.

तिचं नाव विचारायचं राहिलं. पण हल्ली वर्गात तग धरणाऱ्या धाग्याची भिंत काढताना मी इतका जोर लावते, की खडू मोडतो.