पाणी घालू नये

कुरकुंभच्या एका औषध कंपनीत भागुबाई ठेकेदाराकडून बागकामाला लागली, तेव्हा तिची पन्नाशी जवळ आली होती. लग्नानंतरची बारा वर्षं तिची मेंढरांमागं रानोमाळ गेली होती. पुढं घरच्यांनी शेती धरली, मेंढरं दिराकडं राहिली. कुठल्या झाडाचा पाला मेंढरू खातं, कुठल्याचा चीक अंगावर उततो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण कंपनीत तिला कुणी काही विचारत नव्हतं.

२००३ सालच्या दिवाळीनंतर रिसेप्शनमध्ये पुण्याहून फायकसचं झाड आलं. पुरुषभर उंच, चकचकीत पानांचं, पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत. महिन्याभरात त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली.

"भागुबाई, झाडाकडं लक्ष नाही तुमचं," ॲडमिनचे आनंदराव साहेब म्हणाले. "पाणी घाला जरा."

"सायेब, पाणीच जास्त झालंय. कुंडीतनं काढून बघू द्या."

"सोमवारी व्हिजिट आहे. आत्ता हात लावायचा नाही."

पाणी कोण घालत नव्हतं? शिपाई सकाळी तांब्याभर घाली. रिसेप्शनवरची सायली घरी जाताना बाटलीत उरलेलं ओती. आलेले पाहुणे गार झालेला चहासुद्धा तिथंच रिकामा करत. त्यात आज एसीखाली, उद्या दारात, परवा जिन्यापाशी, अशी झाडाची वरात चालू. भागुबाई पानं झाडून काढी आणि मनातल्या मनात एकेकाचा उद्धार करी. वडा-उंबराच्या जातीचं झाड हे, कातळाच्या फटीत जगतं, आन् ह्यांनी त्याला पाणी पाजून पाजून मारलं!

जानेवारीत जेमतेम चाळीस-एक पानं उरली. साहेब म्हणाले, "टाकून द्या ते. प्लास्टिकचं आणू."

भागुबाईनं ढकलगाडीवर घालून झाड कँटीनमागं नेलं. चिनी मातीच्या कुंडीत नर्सरीची काळी कुंडी तशीच बसवलेली होती. ती उपसताच नाकाला पदर लावायची वेळ आली. बाहेरच्या कुंडीला भोकच नव्हतं. तळाला चार बोटं कुजकं पाणी साचलेलं, वर चहाचा फेस.

"बघ गं बाई," ती डबा खायला आलेल्या सायलीला म्हणाली, "ह्याला तहान लागली म्हणत हुतीस न्हवं? गळ्यापातूर बुडलं हुतं ते."

सायली ओशाळली. "मावशी, मला वाटलं पानं गळतात म्हणजे…"

"समद्यांलाच वाटलं. इचारलं कुणी न्हाई."

मुळांचा गोल गोल गुंता झाला होता. तिनं तो बोटांनी सैल केला. काळी, बुळबुळीत मुळं विळ्यानं कापली, पांढरी ठेवली. दिराकडून आणलेलं लेंडीखत, पोयटा आणि वाळू कालवली. भोकाच्या मातीच्या कुंडीत खाली विटांचे तुकडे घालून झाड बसवलं, एकदा भरपूर पाणी दिलं आणि भिंतीच्या आडोशाला सावलीत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी माती पुन्हा चिखल! शिपाई कौतुकानं म्हणाला, "तुमचं झाड सुकत हुतं, म्हून घातलं."

भागुबाईनं कपाळावर हात मारला. सायलीकडून पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, 'पाणी घालू नये.' तरी वॉचमननं घातलंच. वर म्हणाला, "वाचलं की. पर एवढंसं घातलं." त्यानंतर ती कुंडी तिनं खताच्या खोलीच्या खिडकीत नेली आणि किल्ली कमरेला लावली.

तिथं उरलेली पानंही गळाली. आठ दिवस ती रोज खोली उघडून फांद्या चाचपून बघे. मग एका सकाळी तिनं नखानं खोड हलकंच खरवडलं. आत हिरवं होतं. ती पोत्यावर तशीच बसून राहिली आणि कुणी बघत नाही ना, हे पाहून डोळे पुसले.

होळीच्या सुमारास शेंड्याला सुईसारखा लालसर कोंब फुटला. मे महिन्यात झाड भरलं. आनंदराव साहेब स्वतः खोलीपाशी आले.

"कुठलं औषध घातलंत?"

"तुमच्यापासनं लांब ठिवलं, सायेब."

साहेब हसून म्हणाले, "बरं, आता रिसेप्शनला न्यायचं का?"

"पूर्वंच्या खिडकीत ठिवायचं. हलवायचं न्हाई. आन् पाणी माझं मी घालीन."

साहेबांनी मान डोलावली. झाड त्या खिडकीत गेलं आणि तिथंच राहिलं.

भागुबाईला वाटलं, आता सुटले. पण जूनमध्ये लॅबमधला एक जण मोटरसायकलला बांधून घरचं मनीप्लँट घेऊन आला. अकौंट्समधल्या बाईंनी तुळस आणली. आठवडाभरात कँटीनमागं सात कुंड्या जमल्या. भागुबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत राहिली. एकीच्या मातीत बोट घालून तिनं मनीप्लँटवाल्याला हाक मारली.

"ओ, हिकडं या आधी! दिवसातनं किती बारी घालता?"

"दोनदाच, मावशी."

"दोनदाच," भागुबाई म्हणाली, आणि विळा शोधायला लागली.